डावीकडचा टक्स

मास्तरीण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं फळा आणि छडी येते. हिच्याकडं फळा नव्हता. खडू होता, पण तो कापडावर रेघा ओढायचा. आणि लाकडी पट्टी होती, ती मापापेक्षा मांजर हाकलायलाच जास्त कामी यायची. गल्ली तिला मास्तरीण म्हणायची ती शिवणकामामुळं. एकाच गाळ्यात मधे लाकडी आडोसा ठोकून दोन दुकानं केलेली. पुढच्या भागात नवरा किल्ल्या घासायचा, मागच्या भागात ही बायकांचे कपडे शिवायची. बाहेर पाटी एकच, ‘किल्ल्या आणि फिटिंग’. ती वाचून एकदा एकजण नळाचं फिटिंग करून देता का, म्हणून विचारायला आला. मास्तरीण मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "नळाला कंबर असेल तर घेऊन या."

अशी बोलायला तिखट. पण गिऱ्हाईक आरशापुढं उभं राहिलं की हिची दातखीळ बसायची. ही सासूची शिकवण. सासू जुनी शिवणारी, हात सोन्याचा आणि जीभ विळ्याची. पण ट्रायलच्या पडद्याआड तीही मुकी. एकदाच म्हणे तिनं एका बाईला सांगितलं होतं, की बाई, तुमचा एक खांदा उतरलाय. ती बाई तर गेलीच, तिच्या बहिणी, भावजया आणि शेजारणीही गेल्या. तेव्हा सासूनं कानाला खडा लावला, आणि पुढं सुनेच्याही कानाला लावला. "अंगावर बोलायचं नाही. कुणाचं पोट सुटलंय, कुणाची एक बाजू उतरलीय, ते तिला घरच्या आरशात दिसतंच. आपल्याला दिसलं तर कापडात सावरायचं आणि गप्प बसायचं."

मास्तरणीला ते पटलंही होतं. कारण सरळ अंगाची बाई तिनं जन्मात पाहिली नव्हती. एक खांदा वर, एक खाली. एक छाती भरलेली, एक कमी. देवानं दोन बाजूंची मापं दोन वेगळ्या दिवशी घेतली असणार, असं ती म्हणायची. छातीच्या गोलाईसाठी कापडाला आतून चिमूट घालून शिवतात, तो टक्स. एकीकडचा टक्स जरा खोल घ्यायचा, दुसरीकडं काखेचा गोल थोडा उतरवायचा, अस्तरात एक पातळ थर द्यायचा, की बाई आरशात सरळ. आपल्याला सरळ कुणी केलं हे त्या बाईलाही कळायचं नाही. मास्तरणीची सगळी ऐट त्या न कळण्यात होती.

आता तिची नणंद. ही बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून गाड्या पुकारायची. आवाज असा, की माईक बंद पडला तरी कुणाची गाडी चुकायची नाही. घरात तिला लहानपणापासून भोंगा म्हणत. लग्न केलं नव्हतं. कुणी खोदून विचारलंच तर सांगायची, "माझ्याशी भांडायचं तर समोरच्यालाही माईक लागेल. तेवढी सोय असलेला कुणी भेटला नाही." स्टँडच्या मागं दोन खोल्यांत एकटी राहायची, आणि सुट्टी असली की भावजयीच्या मशीनशेजारी स्टूल ओढून जगाची उणीदुणी काढत बसायची. दोघींचं चांगलं गूळपीठ. नणंदेच्या अंगाला लागलेला एकूणएक कपडा मास्तरणीनं शिवलेला. तिचं माप कुठं लिहून ठेवायची गरज पडली नाही. ते अंग हिच्या हातांना पाठ होतं.

म्हणूनच ते त्या दिवशी चटकन लक्षात आलं.

स्टँडवरच्या लोकांना नवा गणवेश आला होता, निळं जाकीट. नणंदेनं आपल्या वाटचं कापड उचललं आणि थेट वहिनीकडं आणलं. मास्तरणीनं जाकीट कच्चं शिवून तिला ट्रायलला उभी केली, तर डावी बाजू बसेना. उजवीकडं अंगावर ओतल्यासारखं, आणि डावीकडं काखेपासून छातीकडं एक तिरकी चुणी. टक्स उसवला, पुन्हा धरला. चुणी आपली जागा सोडेना.

"हात वर करा बघू, वन्सं."

नणंदेनं हात वर केला. जाकिटाखाली पातळ बनियन होती. बनियनच्या कडेला, काखेच्या जरा खाली, कातडी आत ओढली गेली होती. आतून कुणी दोरा ताणून धरावा तशी. हात खाली आला की काही नाही, वर केला की पुन्हा तेच. आणि ती बाजू उजवीपेक्षा वर चढलेली. मागच्या कपड्याला असं नव्हतं. हे डोळ्यांच्याही आधी मास्तरणीच्या बोटांना कळलं.

तिच्या मनगटावर टाचण्यांची उशी बांधलेली होती, टाचण्या तिथून एकेक काढता आल्या असत्या. तरी तिनं डबीतल्या उचलून ओठांत धरल्या. शिवणाऱ्याच्या तोंडात टाचण्या असल्या की त्याला कुणी बोलायला लावत नाही.

नणंद मात्र त्या दिवशी हलायला तयार नव्हती. एरवी "आटप गं बाई, गाडीची वेळ झाली, मीच इथं उभी तर पुकारणार कोण?" म्हणून नाचवायची. त्या दिवशी आरशात स्वतःकडं बघायचं सोडून ती वहिनीच्या तोंडाकडं बघत होती.

"नीट बघ. बसतंय ना?"

"हं."

"डावीकडं काही नाही ना?"

मास्तरीण खाली वाकून टक्सची टाचणी बदलत होती. तिनं नुसती मान हलवली. ती मान होकाराची की नकाराची, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"म्हणजे सगळं ठीक?"

"हं."

टाचण्यांच्या फटीतून जेवढं निघतं तेवढंच निघालं. नणंद जाकीट उतरवून गेली, आणि मास्तरीण कामाला लागली. डावा टक्स खोल घेतला, काखेचा गोल सोडला, अस्तरात बोटभर रुंदीचा मऊ थर दिला. जाकीट असं बसलं की स्टँडवरच्या बायका कुणाकडून शिवलं म्हणून विचारत आल्या. मास्तरीण मनाशी म्हणत होती, पुढच्या सुट्टीला आल्या की बोलू. मग वाटलं, काहीतरी उचलताना शीर धरली असेल. मग वाटलं, उगाच बोलायचं आणि काही निघालं नाही तर, धडधाकट बाईच्या जिवाला घोर लावायचा. पुढची सुट्टी आली, त्याच्या पुढचीही आली. नणंद तेच जाकीट घालून स्टुलावर बसायची, खिदळायची. आणि जाकीट इतकं सुरेख बसलं होतं, की खरंच काहीतरी दुरुस्त झाल्यासारखं वाटायचं.

काहीच दुरुस्त झालं नव्हतं. थंडी सरता सरता नणंदेचा डावा दंड सुजला, तेव्हा भावानं तिला ओढत दवाखान्यात नेलं. गाठ होती, आणि ती काखेपर्यंत पोचली होती. डावी छाती काढावी लागली. मग औषधं चढवणं, उलट्या, केस गळणं, सगळं ओळीनं आलं. मास्तरणीनं दुकान अर्धं बंद ठेवून नणंदेचं सगळं केलं. पाय चेपले, भांडी बादल्या धुतल्या. लोक म्हणायचे, सख्खी बहीणही एवढं करणार नाही. ते ऐकलं की तिला उठून दुसऱ्या खोलीत जावंसं वाटायचं.

त्याहून वाईट होता नवरा. म्हणजे माणूस भला. पण डॉक्टरांचं एक वाक्य त्याच्या डोक्यात रुतून बसलं होतं, थोडं आधी आला असतात तर एवढं कापावं लागलं नसतं. ते तो किल्ली घासता घासता म्हणायचा, जेवता जेवता म्हणायचा. आणि वर दर वेळी सुस्कारा सोडून जोडायचा, "पण आपल्याला कसं कळणार म्हणा."

मास्तरीण म्हणायची, "पाणी देऊ का?"

तर असं सगळं चाललं असताना दुकानात बँड आले.

घेऊन आला मिशीवाला कंडक्टर. नणंदेच्या स्टँडवरचा, मिशा अशा की तिकीट देताना प्रवाशाला आधी मिशाच दिसायच्या. हातात पिशवी, आणि पिशवीत गुलाबी रबरी बँड, मनगटात घालायचे.

"मास्तरीणबाई, हात पुढं करा."

"का? बेड्या घालताय?"

"छातीच्या कॅन्सरवाल्या बायकांसाठी आहे हे. दवाखान्यातली मंडळी वाटतात. तुमच्या नणंदेच्या नावानं आख्ख्या स्टँडनं घातलेत. आमच्या जाड्या ड्रायव्हरच्या मनगटाला बसेना, तर त्यानं गाडीच्या आरशाला अडकवलाय."

"आणि तुम्ही या मिशांबरोबर गुलाबी?"

"हसतात लोक. हसू देत. हसले की विचारतात, हे काय म्हणून. विचारलं की मी म्हणतो, घरी जा आणि बायकोला सांग, हात लावून बघ, काही वाटलं तर डॉक्टरला दाखव. तिकिटाबरोबर हा सल्ला फुकट."

नवऱ्यानं पुढच्या भागातून येऊन लगेच मनगटात चढवला. त्याच्या हाताला पितळेचा कीस लागलेला, तो बँडवर चिकटून चमकायला लागला. मास्तरणीनं हात मागं घेतला.

"माझ्या या हाताला उशी असते."

"मग त्या हाताला घाला."

"त्या हातात कात्री. आडवा येतो."

"पायात घालता का मग?" कंडक्टर हसून म्हणाला, आणि एक बँड तिच्या मशीनवर ठेवून गेला. तो गेल्यावर तिनं तो रिळांच्या डब्यात तळाला ढकलला, वर काळी रिळं रचली.

पण एका बँडवर सुटका कुठली. नणंदेला डोक्यावर टोपी घालून खिडकीशी बसता यायला लागलं तशी तिच्यातला भोंगाही उठून बसला. तिनं भावाबरोबर एक आख्खा खोका पाठवला आणि निरोप दिला, "वहिनीला सांग, खोका तिच्या टेबलावर ठेवायचा. बायका नवऱ्यापुढं लाजतील, डॉक्टरपुढं लाजतील, पण हिच्यापुढं सगळ्याच उघड्या होतात. तिथंच हे कामाचं."

भावानं निरोप हसत हसत सांगितला. मास्तरणीनं खोका टेबलावर ठेवला. बायका बाह्यांची लांबी ठरवता ठरवता खोक्यात हात घालायच्या, बँड मनगटावर चढवून हात लांब धरून बघायच्या. कुणी रंगावर भाळायची, कुणी आपल्या आईची, मावशीची आठवण काढून डोळे पुसायची. एक म्हातारी तर मास्तरणीचा हात हातात घेऊन म्हणाली, "तुझ्यासारखी बाई हवी गं. बाईचं दुखणं बाईलाच दिसतं." मास्तरणीनं हात सोडवून घेतला आणि म्हातारीच्या झग्याची खालची दुमड दोनदा उसवून दोनदा शिवली, काही कारण नसताना.

"आणि तुम्ही नाही घातला?" असं कुणीतरी विचारायचंच.

"घालते की. हे एवढं काम हातावेगळं झालं की."

एकदा दुपारी दुकानात कुणी नव्हतं, तेव्हा तिनं घालून बघितला. हलका, मऊ, लहान मुलाच्या खेळण्यातला वाटावा असा. पण आरशात हात दिसला आणि कुणाच्या घरून उचललेला दागिना घातल्यासारखं तिला झालं. तिनं तो इतक्या घाईनं ओढून काढला की मनगटावर लाल वळ उठला.

नवऱ्याला हे खुपायला लागलं. "बाजारात पोरींच्या हातात आहे, म्हाताऱ्यांच्या हातात आहे, त्या कंडक्टरच्या हातात आहे. सख्ख्या भावजयीच्या हातात नाही. तिला काय वाटत असेल?"

"सांगितलं ना, शिवताना अडतो."

"एवढी मोठी टाचण्यांची उशी अडत नाही, आणि रबराचं वेटोळं अडतं?"

मग त्यानं आवाज खाली आणला. "हे बघ, घातल्यानं रोग लागत नाही. तसलं काही डोक्यात असेल तर काढून टाक."

बायको भित्री आहे, खुळी आहे, असं त्यानं ठरवून टाकलं. आणि तिनं ते त्याला ठरवू दिलं. खऱ्यापेक्षा ते बरं होतं. आपण किती खाली आलोय हे तिला त्या क्षणी कळलं, आणि तरीही तिनं तोंड उघडलं नाही.

मग नणंद कामावर परत जायची म्हणून जाकीट घेऊन आली. भर दुपारची वेळ. नवरा कुणाच्या तरी कपाटाचं अडकलेलं कुलूप उघडायला गेला होता. नणंद वाळली होती, टोपीखालून नवे केस काट्यासारखे वर आले होते, पण आवाज बऱ्यापैकी जागेवर आला होता. आल्या आल्या तिनं खोक्यात डोकावून बघितलं.

"वा! तळ दिसायला लागला. सगळ्या जगाला वाटलेस, वहिनी, तुलाच उरला नाही वाटतं?"

"घालते," मास्तरीण म्हणाली, आणि पडदा ओढून घेतला.

जाकीट घातलं तर डावी बाजू लोंबायला लागली. तो खोल टक्स, तो मऊ थर, सगळं रिकाम्या पिशवीसारखं. मास्तरीण बघत राहिली. तिनंच शिवलेलं, आणि आता ते तिच्याकडं बोट दाखवत होतं.

"आत भर घालते," ती म्हणाली. "कापूस नको, घाम धरतो. स्पंज घालू. बाहेरून कुणाला कळणार नाही."

"तुला तर कळेल."

नणंद सहज बोलली होती. मास्तरणीनं सवयीनं डबीतल्या टाचण्या उचलल्या, तोंडाकडं नेल्या. लोखंडाची चव ओठाला लागली. तिनं टाचण्या टेबलावर टाकल्या. काही घरंगळून खाली गेल्या.

"वन्सं, मला दिसलं होतं."

"काय दिसलं होतं?"

"याच जाकिटाच्या ट्रायलला. तुम्ही हात वर केलात तेव्हा. काखेखाली कातडी आत ओढलेली होती. मागच्या कपड्याला तसं नव्हतं. मला कळलं काहीतरी झालंय. आणि मी टक्स खोल घेतला."

नणंद स्टुलावर बसली. तिनं जाकिटाचं एक बटण लावलं, काढलं, परत लावलं.

"उद्या बोलू, परवा बोलू, असं करत राहिले," मास्तरीण म्हणाली. "नंतर बोलायला तोंड राहिलं नाही. तुमची सेवा केली म्हणून लोक मला चांगली म्हणतात, आणि मला..."

"थांब जरा." नणंदेचा आवाज इतका बारीक होता की तो तिचा वाटेना. "मला गाठ लागली होती हाताला. आंघोळ करताना. तुझ्याकडं जाकीट आणायच्या आधीच."

"मग तुम्ही दाखवायला..."

"भ्यायले! दुसरं काय? आख्ख्या स्टँडला दम देणारी मी, दवाखान्याच्या पायरीवरून परत आले. मग म्हटलं, वहिनीकडं जाते. तिच्या नजरेतून दोऱ्याएवढा फरक सुटत नाही. काही असेल तर ती बोलेलच. ती बोलली की तशीच उठून डॉक्टरकडं जायचं. आणि नाही बोलली तर काहीच नाही, माझ्याच मनाचे खेळ. मला कुठं त्या जाकिटाचं पडलं होतं? ते तर मला स्टँडवरच्या शिंप्याकडूनही मिळालं असतं. तुला विचारलं ना मी? परत परत विचारलं. सगळं ठीक का, म्हणून विचारलं."

"हो."

"तू हं म्हणालीस."

पडद्यापलीकडं रस्त्यावरून कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं.

"त्या हं वर मी घरी गेले," नणंद म्हणाली. "इतकी हलकी झाले होते, की वाटेत मोठमोठ्यानं गाणं म्हणत गेले. तो कोपऱ्यावरचा फळवाला म्हणाला, बाई, आज पगार वाढला का?"

एवढे दिवस मास्तरीण स्वतःला एकाच गोष्टीसाठी खात होती, की आपण गप्प राहिलो. आपण गप्प राहिलोच नव्हतो. नणंद प्रश्न घेऊन आली होती आणि आपण तिला उत्तर देऊन घरी पाठवलं होतं.

"रागवा हो, वन्सं. तोंडात मारा एक."

"राग यायला पाहिजे, हे मला कळतंय. पण येत नाहीये. माझीही अक्कल गहाण पडली होती, ते मधे येतंय म्हणून असेल." नणंद उठली. "घरी जाऊन बघते. आला तर कळवते. आता हे आटप. आणि रडू नकोस, निळ्यावर पाण्याचे डाग उठतात, तूच सांगायचीस."

तिनं जाकीट काढून बाजूला टाकलं. मग बनियनही काढली. दवाखान्यातून आल्यापासून वहिनीनं तिला आंघोळ घातली होती, पण तेव्हा पट्ट्या होत्या, टॉवेल होता, आणि मास्तरीण भिंतीकडं बघायची. आता उजेड होता आणि मधे काही नव्हतं.

"घे माप. आणि दिसेल ते तोंडानं बोलत घे. मोठ्यानं."

मास्तरणीनं टेप काढला. सासूनं लावलेला खडा कानातून पडायला वेळ लागला. सुरुवातीला आवाज फुटेना, नणंद म्हणाली, "ऐकू येत नाही, गाडी सुटेल," तेव्हा फुटला.

"डावीकडं सपाट आहे. टाक्याची रेघ काखेतून निघून मधोमध आलीय. काखेपाशी कातडी थोडी ओढल्यासारखी आहे. शेवटाला टाका जाड पडलाय, तिथं उंचवटा आलाय."

"डॉक्टरांना सांगू का, आमची मास्तरीण तुमच्या शिवणीला नावं ठेवते म्हणून?"

"सांगा. मी त्यापेक्षा सरळ घातला असता." हे तोंडातून निघून गेलं आणि मास्तरीण चपापली. नणंद मात्र हसली, हसताना टाक्याची जागा दुखली म्हणून शिवी हासडली.

"डावा दंड अजून सुजलेला आहे. उजव्यापेक्षा जाड. हे डॉक्टरांना दाखवा. आता उजवा हात वर करा."

नणंदेनं हात वर केला. मास्तरणीनं पुढून बघितलं, बाजूनं बघितलं, हात खाली घ्यायला लावला, परत वर करायला लावला.

"मला काही दिसत नाही," ती शेवटी म्हणाली. "पण माझ्या न दिसण्यावर जाऊ नका. तपासणी चुकवू नका. मला काही दिसत नाही, याला काही अर्थ नाही."

"चला. दोघींनाही अक्कल आली."

"भर किती घालू?"

"नको भर. सपाट तर सपाट. खिडकीतून लोकांना माझं तोंड दिसतं, तेवढंच त्यांना पुरतं." नणंदेनं कपडे घातले. जाताना तिनं खोक्यातला एक बँड उचलला, बोटांत ताणून बघितला आणि मशीनवर ठेवला. "हा घालायचा तर माझी एक अट आहे. कुणासाठी घातला, असं कुणी विचारलं, तर नणंदेसाठी म्हणून मिरवायचं नाही. झालं ते सगळं सांगायचं. दिसलं होतं आणि हं म्हणाले, तेही. तेवढं जमणार नसेल तर घालू नकोस, मी परत विचारणार नाही."

ती गेल्यावर मास्तरणीनं जमिनीवरच्या टाचण्या वेचल्या. मशीनवर गुलाबी वेटोळं पडलेलं. जाकिटाचा डावा टक्स तिनं उसवला, अस्तरातला थर ओढून काढला, कापड सपाट केलं. मग बँड डाव्या मनगटात घातला, उशीच्या वर. अडत बिडत काही नव्हता.

नवरा आला तो खुशीत. कुलूप एका झटक्यात उघडलं होतं. हत्यारांची पिशवी ठेवताना त्याला बँड दिसला. "घातलास एकदाचा! ती आली होती ना? बघ, मी म्हणत होतो."

"कुणासाठी घातलाय, विचारा."

"त्यात काय विचारायचं?"

"विचारा तरी, अहो."

"बरं बाई. कुणासाठी?"

तिनं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं, जाकीट हातात धरून, चुणी कुठं पडली होती ते बोटानं दाखवून. नणंद काय विचारायला आली होती तेही सांगितलं. स्वतःच्या बाजूनं एक शब्द घातला नाही. सासूचं नाव दोनदा ओठांवर आलं, ते गिळलं. तो ऐकत राहिला. त्याच्या चेहऱ्यावरची खुशी लगेच गेली नाही, विसरल्यासारखी तशीच राहिली होती.

"मी रोज म्हणत होतो, आपल्याला कसं कळणार," तो म्हणाला.

"हो."

"आणि तू ऐकून घेत होतीस."

"हो."

"ती काय म्हणाली?"

"राग आला की कळवते म्हणाल्या."

तो पुढच्या भागात गेला आणि त्यानं घासायचं मशीन सुरू केलं. बराच वेळ ते नुसतंच फिरत होतं, किल्ली लावल्याचा आवाज काही आला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान झाडून होतंय तोवर फोन वाजला.

"वहिनी."

"बोला, वन्सं."

"आला."

पलीकडून जो आवाज सुरू झाला तो चौकशीच्या खिडकीतला, माईकशिवायचा. पुढच्या भागात एक गिऱ्हाईक किल्ली करून घ्यायला उभं होतं, त्यानं दचकून आडोशाकडं बघितलं. नवऱ्यानं मशीन बंद केलं. मास्तरणीनं झाडू भिंतीला टेकवला, पण ती खाली बसली नाही, आणि फोन कानापासून बोटभरही लांब धरला नाही. एकेक शब्द येत होता तो खराच होता. मधेच नणंदेला खोकल्याची उबळ आली आणि थांबेना.

"पाणी प्या," मास्तरीण म्हणाली. "मी आहे इथंच."

पलीकडं पेला ठेवल्याचा आवाज झाला, आणि नणंद पुन्हा सुरू झाली.